सिंधूबाईंच्या भिंतीवरची रेघ

मी वकील आहे. दिवसभर कोर्टात भांडणारी बाई घरी आल्यावर शांत होत असेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी मला घरी पाहिलेलं नाही. पण ही गोष्ट अशा एका भांडणाची आहे, जे मी जिंकले आणि जिंकल्याची मला आजही लाज वाटते.

भांडण होतं एका भिंतीवरून. चार इंची, विटांची, अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या घरातली. तिच्या अलीकडे हॉल, कूलर, टीव्ही आणि आम्ही सगळे. पलीकडे स्वयंपाकघर आणि माझ्या सासूबाई. सिंधूबाई त्यांचं नाव. माहेर धामणगाव रेल्वे या गावचं, वय अडुसष्ट, अंगानं किरकोळ, आणि हाताला अशी चव की एकदा जेवून गेलेला माणूस पुढच्या खेपेला जेवणाची वेळ बघूनच येतो.

लग्नानंतर आठ वर्षं मी आणि केदार अमरावतीला होतो. सणावाराला यायचं, खायचं, डबे भरून घेऊन जायचं. दोन वर्षांपूर्वी केदारला इथल्या कृषी विद्यापीठात नोकरी लागली आणि आम्ही अकोल्यात कायमचे राहायला आलो. तेव्हा मला कळलं की या घरात एक सरहद्द आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी पोचले की आतून आवाज यायचा, "ओवळ्यानं आत येऊ नको वं. काय पायजे ते सांग, देतो."

सणाला सोवळं मी समजू शकते. माझ्या माहेरीही महालक्ष्म्यांना असतंच. पण यांचं सोवळं बारा महिने, चोवीस तास! चहासाठी सोवळं, खिचडीसाठी सोवळं. मी आतल्या आत धुमसायची. त्यात अकोल्याचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की हॉलमधल्या कूलरची हवा त्या भिंतीला आपटून परत यायची, आणि पलीकडे सासूबाई त्या भट्टीत एकट्या पोळ्या लाटायच्या. एकच खिडकी, तीही शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडणारी. दिवसासुद्धा आत अंधार.

एकदा मी सरहद्द ओलांडली होती. पहिल्याच दिवाळीत. त्या आणि बाबा, म्हणजे माझे सासरे खुशालराव, बाहेर गेलेले पाहून मी सगळे मसाल्याचे जुने डबे काढले. कळकट स्टीलचे डबे, कुणाला एक दोरा गुंडाळलेला, कुणाला दोन, कुणाला तीन. मी दोरे फेकून दिले, डबे मोडीत टाकले आणि छान पारदर्शक बरण्या आणून, वर सुबक अक्षरात नावं चिकटवून, उंचीप्रमाणे लावून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वरणात साखर आणि शिऱ्यात मीठ. आम्ही हसून हसून बेजार. "आई, वय झालं आता तुमचं," असं मीच म्हणाले. सासूबाई हसल्या नाहीत. बाबांनी तो खारट शिरा मुकाट्यानं संपवला. तिसऱ्या दिवशी बरण्या गायब, नवे स्टीलचे डबे हजर, त्यांना नवे दोरे. आणि मला कायमची प्रवेशबंदी.

तर असं सगळं साठत साठत गेलं, आणि यंदा उन्हाळ्यात मी जाहीर केलं की ही भिंत पाडायची. ओपन किचन करायचं. उजेड येईल, हवा येईल, आई माणसांत येतील.

"भिताड राहू द्या," सासूबाई म्हणाल्या.

"काहून?"

"राहू द्या म्हटलं ना."

कारण द्यायचं नाही आणि हट्ट सोडायचा नाही, अशा साक्षीदाराला मी कोर्टात दहा मिनिटांत गुंडाळते. इथं मला दोन महिने लागले. केदार लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलला. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. रोज सकाळी सगळा पेपर मोठ्यानं वाचायची त्यांची सवय, अगदी जाहिरातींसकट. मास्तरकीची खोड म्हणून आम्ही सोडून दिलेली. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज फुटेना. शेवटी सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "तुमचं घर हाये. करा." मी जिंकले.

जुलैमध्ये धर्मपाल मिस्त्री आला. पन्नाशीचा, बारीक, बोलायला कमी. सासूबाईंनी आदल्या दिवशी एकटीनं स्वयंपाकघर रिकामं केलं होतं आणि त्या मागच्या ओसरीत मेथी निवडत बसल्या होत्या. मिस्त्रीनं भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केली, वर छताकडे पाहिलं, "भार नाई हिच्यावर, पडते आरामात," म्हणाला आणि हातोडा उचलला. मग खाली ठेवला.

"मॅडम, हे काय हाये?"

रिकाम्या भिंतीवर, कमरेच्या जरा वर, एक रेघ होती. चार बोटं रुंद, तेलकट, तपकिरी, दारापासून ओट्यापर्यंत सरळ गेलेली. रंग पार झिजून आतला गिलावा गुळगुळीत झाला होता. रेघेवर मधेच एक खिळा. पुढे दोन खिळे जवळजवळ. त्याच्या पुढे तीन. ते खिळे मी उंबऱ्यावरून पाहिले होते आणि वाटायचं, झारे-पळ्या अडकवायला असतील. पण त्यांना कधीच काही लटकलेलं नव्हतं.

धर्मपालनं आपला तळवा त्या रेघेवर ठेवला, डोळे मिटले आणि चालू लागला. एका खिळ्याशी थांबला, दुसरा हात पुढे केला. तिथं पाण्याचा नळ. दोन खिळ्यांशी थांबला. तिथं गॅस. तीन खिळ्यांशी, डब्यांची फळी.

डोळे उघडून त्यानं हळूच विचारलं, "बाईले किती दिसते?"

"म्हणजे?"

"पंचवीस वर्षं झाले, लोकांचे भिताडं पाडून राहिलो. भिताड पाह्यलं का घरातल्या मानसाची उंची समजते, डावा हाये का उजवा समजते. हे भिताड कोनी हातानं वाचून राह्यलं, मॅडम."

माझ्या डोक्यात एकामागून एक गोष्टी लागत गेल्या. दोरे. साखरेचं वरण. मोठ्यानं वाचलेला पेपर. संध्याकाळी फिरायला जाताना बाबांचा दंड धरून चालणाऱ्या सासूबाई, आणि त्यांना "या वयात काय हे," म्हणून चिडवणारी मी. देवघरात ठेवलेली डोळ्यांच्या थेंबांची बाटली. आणि सोवळं!

मला राग आला की मी आधी ओरडते, मग विचार करते. ओसरीत जाऊन मी ओरडलेच, "आई, किती दिवसापासून दिसत नाई तुमाले?"

मेथीची काडी मोडताना त्यांचा हात थांबला. त्यांनी मान नीट माझ्याकडे वळवली, एखादी सुई ओवायची असावी इतकी नेमकी.

"दिसते ना. तुही टिकली दिसून राह्यली. समोरचं येवढंसं दिसते." त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून लहानसं भोक दाखवलं. "बाजूचं गेलं. काचबिंदू म्हनते डाक्टर. गेलं ते येत नाई, थेंब टाकून हाये ते राखायचं. पाच वर्षं झाले."

"अन् सोवळं?"

"सोवळं कायचं वं," त्या म्हणाल्या. "तुमी आत आले का वस्तू हालवता."

दोन वर्षं आम्ही त्यांना कर्मठ म्हणत होतो. मी तर माझ्या मैत्रिणींत त्यांच्या सोवळ्याची नक्कल करून दाखवायची. मी तिथंच खाली बसले आणि विचारलं, "सांगितलं काहून नाई?"

तेव्हा त्यांनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. आईचेही डोळे असेच गेले. भाऊ मायाळू. त्यांनी आईला चुलीजवळ जाऊ दिलं नाही, भाजेल म्हणून. ओसरीत खाट टाकली, ताट जागेवर आणून दिलं. एकोणीस वर्षं.

"मायच्या हातचं भरीत खायाले लोक दुसऱ्या गावून येत. एकोनीस वर्षं तिनं कायातच मीठ घातलं नाई. मेली तवा मी तिचे हात धुतले. एक चटका नव्हता वं हाताले. लेकराच्या हातासारखे हात. रांधनाऱ्या बाईचे हात असे असतेत का?"

मला कळायचं ते कळलं. त्या भिंतीआड त्या आमच्यापासून लपल्या नव्हत्या, आमच्या मायेपासून लपल्या होत्या.

मी म्हणाले, भिंत राहू दे, मिस्त्रीला परत पाठवते. आणि तेव्हा सिंधूबाईंनी मला दुसरा धक्का दिला.

"नाई. पाड आता. चोरून करायचं त अंधार लागत होता. आता तुमाले माईतच झालं. मले जेवढं दिसते ते उजेडातच दिसते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पन मले खाटेवर नको बसवू."

मी शब्द दिला. पण घरात माझ्या एकटीचं थोडंच चालतं? संध्याकाळी केदारला कळलं तेव्हा तो लहान मुलासारखा रडला, आणि रडून झाल्यावर त्यानं तेच म्हटलं ज्याची सासूबाईंना पाच वर्षं भीती होती. "आईनं आता गॅसपाशी जायचं नाई. बाई लावू स्वयंपाकाला." अमरावतीहून माझी नणंद नीलमचा फोन आला, तीही तेच. माझं नवऱ्याशी असं कडाक्याचं भांडण झालं की बाबांनी मधे पडून तोडगा काढला. महालक्ष्म्यांचा स्वयंपाक सिंधू करेल. सगळ्यांसमोर. मग ठरवा.

महालक्ष्म्यांचा स्वयंपाक म्हणजे तीस पानं. पुरणपोळ्या, सोळा भाज्यांची एक भाजी, आंबील, कढी, वडे. धडधाकट बाईचा घाम निघतो.

दुसऱ्या दिवशी भिंत दोन तासांत पडली, जुना ओटाही काढला. तीस वर्षांत पहिल्यांदा हॉलच्या मोठ्या खिडकीचा उजेड मागच्या भिंतीपर्यंत गेला. सासूबाई विटांच्या ढिगाऱ्यापाशी उभ्या होत्या आणि तोंड उजेडाकडे करून नुसत्या हसत होत्या. मग एकदम गोंधळल्या. हात पुढे केला, तिथं काही नव्हतं. त्यांची रेघ गेली होती.

धर्मपाल टेप काढत होता, तो त्यानं खिशात ठेवला. खडू घेतला आणि म्हणाला, "बाई, इथं उभ्या राहा. तुमी कढी करा."

"कायची कढी? ओटा नाई, गॅस नाई."

"करा त खरं."

आणि सिंधूबाईंनी कढी केली. रिकाम्या जमिनीवर, धुळीत, हवेत. उजवा हात खाली गेला, गॅसचा खटका फिरवला. डावा हात वर गेला, तेलाचं भांडं उचललं. मोहरी, जिरं, कढीपत्ता, प्रत्येकाची जागा वेगळी, प्रत्येकाची उंची वेगळी. दोन पावलं डावीकडे, पाणी. एक पाऊल मागे, वळून मीठ. धर्मपाल त्यांच्या मागंपुढं वाकून जमिनीवर फुल्या मारत होता, हात वर गेला की मागच्या भिंतीवर उंचीची खूण करत होता. मी त्यांना म्हटलं, पुन्हा एकदा करा. त्यांनी पुन्हा केली. हात त्याच जागी गेले, एक इंच इकडेतिकडे नाही. मी आयुष्यात बरेच पुरावे पाहिलेत. इतका चोख पाहिलेला नाही.

"टेप लागलाच नाई," धर्मपाल म्हणाला. तोही भारावला होता, पण मिस्त्री लोक असं दाखवत नाहीत. तो लगेच सिमेंटची चौकशी करायला लागला.

ओटा त्या फुल्यांवर उभा राहिला. ग्रॅनाइटच्या कडेला त्यानं ग्राइंडरनं खाचा पाडल्या आणि घासून मऊ केल्या. पाण्यापाशी एक, गॅसपाशी दोन, डब्यांपाशी तीन. उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत चालताना हात लावायला त्यानं स्वतःच्या मनानं कमरेएवढा लाकडी कठडा बसवला. सासूबाई महिनाभर त्या कठड्यावरून हात फिरवत ये-जा करत होत्या. रोज दुपारी नवा ओटा पाठ करायचा. पहिल्या आठवड्यात दोन कप फुटले. केदारचा चेहरा पडला. मी त्याच्याकडे डोळे वटारले.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. ज्या कूलरच्या हवेसाठी मी भिंत पाडली, तोच कूलर पहिल्या दिवशी त्यांनी बंद करायला लावला. "आवाज येत नाई," म्हणाल्या. मला वाटलं, कूलरच्या आवाजाचा त्रास होतो. तसं नव्हतं. कूलर सुरू असला की त्यांना फोडणीचा आवाज ऐकू येत नव्हता. त्या कानानं शिजवत होत्या. या सगळ्यापासून मी एका हातावर राहत होते आणि मला पत्ता नव्हता.

महालक्ष्म्यांचा दिवस उजाडला. हॉलच्या एका कोपऱ्यात ज्येष्ठा-कनिष्ठा भरजरी साड्यांत उभ्या, वर फुलोरा टांगलेला. दरवर्षी पाहुणे दुपारी यायचे आणि तयार पानावर बसायचे. यंदा नीलमनं काय सांगितलं कुणास ठाऊक, दहा वाजल्यापासूनच आत्या, मावश्या, चुलत दीर, सगळे हॉलमध्ये हजर. मधे भिंत नाही. पडदा नाही. सासूबाई सोवळ्याची साडी नेसून कठड्याला हात लावत आल्या आणि ओट्याची एकेक खाच त्यांनी दोनदा चाचपून पाहिली. पाच वर्षं जे कुणाला दिसू दिलं नाही ते आता तीस माणसांपुढं करायचं होतं.

बाबा उठले. कूलर बंद केला. मग पंखे बंद केले, टीव्हीचा प्लगच काढला. भाद्रपदातला अकोल्याचा उकाडा, दारं-खिडक्यांत माणसं, आणि बाबा म्हणाले, "कोनी बोलू नका. तिले आयकू येऊ द्या."

तीस माणसं गप्प बसली. आमच्याकडची माणसं! जी सरणापाशीही गप्प बसत नाहीत.

पहिली पोळी तव्यावर पडली. सासूबाईंनी मान किंचित कलती केली. तव्याचा आवाज आधी ओला होता, मग बारीक झाला, मग अगदी क्षणभर थांबला, आणि त्याच क्षणाला त्यांची बोटं गेली आणि पोळी उलटली. टम्म फुगली. तोवर दुसरी लाटून तयार. लाटताना त्या बघत नव्हत्याच. डाव्या हाताची बोटं पोळीच्या काठावरून फिरत होती आणि जिथं जाड लागेल तिथं लाटणं जात होतं. एकाही पोळीचं पुरण बाहेर आलं नाही. शेजारच्या शेगडीवर कढी वर आली, त्यांनी मान न वळवता हात लांब करून आच कमी केली. वडे तळताना बुडबुड्यांचा आवाज विरळ झाला की झारा आत. घामानं सगळ्यांचे कपडे भिजले होते आणि कुणी रुमालसुद्धा काढत नव्हतं. मोठ्या आत्याबाईंनी, ज्यांना आयुष्यभर कुणाचं काही पटलेलं नाही, हात जोडलेले होते. महालक्ष्म्यांकडे पाठ करून.

चाळिसाव्या पोळीच्या आसपास नीलमला राहवलं नाही. तीही सोवळ्यात होती. मदत करावी म्हणून ती पुढं झाली, तुपाची वाटी उचलून पोळीला तूप लावलं आणि वाटी ठेवली, नेहमीच्या जागेपासून वीतभर दूर. वाटीच्या जागी कढीवरचं तापलेलं झाकण ठेवलं. अगदी सहज, मायेनं.

सासूबाईंचा हात तुपासाठी गेला आणि झाकणावर पडला.

चर्र झालं ते सगळ्या खोलीनं ऐकलं. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. केदार ताडकन उठला. मी त्याचा शर्ट मागून धरला. तो सोडवायला बघत होता आणि मी सोडत नव्हते. संपलं, असं मला वाटलं. खाट आता आलीच.

सासूबाईंनी हात नळाखाली धरला. एक खाच, पाणी. दहापर्यंत मोजावं इतका वेळ. मग पदराला पुसला.

"नीलम," त्या म्हणाल्या, "वाटी जागेवर ठेव. अन् तू तिकडं बस. तव्यावरची जळून राह्यली."

ती खरंच जळायच्या बेतात होती. त्यांनी उलटली. पुढची लाटायला घेतली. नीलम माझ्या शेजारी येऊन बसली आणि पदर तोंडात धरून रडू लागली, आवाज न करता, कारण आवाज करायचा नव्हता.

दोन वाजता नैवेद्य दाखवला. बासष्ट पोळ्या, एकही करपलेली नाही. पानं उठली, लोक निघताना सासूबाईंच्या पाया पडत होते, ज्यांनी पडायला नको तेसुद्धा. धर्मपालला मी मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. त्यानं हात धुतल्यावर ओट्याच्या खाचांवरून बोट फिरवून पाहिलं आणि निघाला.

सगळे गेल्यावर सासूबाई कठड्याला टेकून बसल्या. केदार भाजल्यावर लावायच्या मलमाची ट्यूब घेऊन आला. चेहरा असा की आता बोलेल, मग बोलेल.

"राहू दे रे," त्यांनी हात मागं घेतला. "मोनाली, तू पाह्य बरं. फोड आला का?"

मी त्यांचा हात खिडकीच्या उजेडात धरला. अंगठ्याच्या खाली रुपयाएवढा फोड, टचटचीत.

"आला, आई."

"चांगला हाये?"

"चांगला मोठा हाये."

त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटानं तो हळूच चाचपला. दुखत असणारच. पण चेहऱ्यावर असं काही आलं की मला खाली बघावं लागलं.

"माय असती त दाखवला असता," त्या म्हणाल्या.

केदारनं ट्यूब खिशात टाकली, तो आईच्या शेजारी जमिनीवर बसला आणि विचारलं, "उद्या काय करशीन वं आई?"

"पोळ्या उरल्या हायेत," सिंधूबाई म्हणाल्या. "पह्यले त्या संपवा."